अभ्यासाला बसल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

ऋषिराजनं या खेपेला अभ्यासाचं खरंच मनावर घेतलं होतं, यात शंका नको. मागच्या तलाठी भरतीत तो थोडक्यात राहिला, असं तो सांगायचा. त्याचे वडील दत्तोबा नुसतं 'राहिला' म्हणायचे. लोणी भापकरला त्यांच्या घरामागं जर्सी गाईंचा गोठा होता, आणि ऋषिराजसारख्या भल्या माणसाला साऱ्या दुनियेत भीती वाटायची ती फक्त पहाटेच्या धारांची.

"औंदा झालास तर झालास," दत्तोबांनी बजावलं. "न्हाय तर बादली तुझ्या हातात. सृष्टीनं किती दिस धारा काढायच्या? तिनं बी फॉर्म भरलाय."

"भरू द्या की. तेवढाच तिला अनुभव," ऋषिराज मोठ्या मनानं म्हणाला. धाकट्या बहिणीबद्दल त्याला माया होती.

मग गच्चीवरची खोली झाडली गेली. टेबल आलं, खिडकीला पडदा आला, भिंतीवर रंगीबेरंगी वेळापत्रक लागलं. शेवटी त्यानं काळजावर दगड ठेवला, मोबाईल बंद केला आणि चौकातल्या फ्लेक्सवाल्या सोहेलच्या हवाली केला.

"परीक्षा होईस्तवर मी मागितला तरी देऊ नको."

सोहेलला भरून आलं. शाळेत दोघं मागच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसलेले. अशा वेळी मित्रासाठी काही केलं नाही, तर ती दोस्ती कसली! सकाळी चौकात फ्लेक्स झळकला. गॉगल लावलेला ऋषिराज, मागं उगवता सूर्य आणि ठळक अक्षरांत: 'मोबाईल बंद करून अभ्यासाला बसल्याबद्दल ऋषिराजभाऊंचे हार्दिक अभिनंदन!'

आता अभिनंदन म्हटलं की लोक फोन करणार. फोन बंद. मग लोक समक्ष येऊ लागले.

"फोन लागंना, म्हटलं भेटूनच यावं," म्हणत सोपानतात्या थेट गच्चीवर आले. "अभ्यास चाललाय न्हवं? चालू दे, चालू दे. आमी बसतो हितंच." आणि खरंच बसले. चहा झाला, मन एकाग्र कसं करावं यावर तात्यांचं बोलून झालं, तोवर पुढची मंडळी जिन्यात उभी. दुपारी इंदापूरहून जयवंता आत्या एसटीनं आली. "फोन लागंना! मला वाटलं पोराचं काय झालं की काय!" म्हणून तिनं दारातच गळा काढला.

संध्याकाळी विजयसिंहआबा आले. आबांना पंचायत समितीला उभं राहायचं होतं, त्यामुळं त्यांच्या गाडीत शाल आणि नारळ कायम असायचे. त्यांनी ऋषिराजला शाल घातली आणि दोन शब्द बोलायला लावलं.

"मोबाईल आपला शत्रू हाय," ऋषिराज चाचरत म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बिचाऱ्याला तो फार गोड लागला. धडा वाचून झाल्यावर कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

मग आमंत्रणं सुरू झाली. आज जळोचीच्या अभ्यासिकेत, उद्या कुठल्या शाळेत, परवा इंदापूरला युवक मेळाव्यात. विषय एकच, 'अभ्यासात मन कसं लावावं'. कार्यक्रमाच्या वेळा कळायला नकोत का? ऋषिराज सोहेलकडं गेला.

"तूच म्हनला व्हतास, मागितला तरी देऊ नको."

"आरं, ते अभ्यासाला. ह्यो कार्यक्रमासाठी लागतोय."

इंदापूरला 'मोबाईल फेकून द्या!' असं तो गरजत असतानाच खिशातला फोन वाजला. त्यानं उचलला. "व्हय, बोला. उद्या? मोबाईल सोडण्यावर? येतो की!" लोकांना वाटलं, मन कसं भरकटतं ते भाऊ करून दाखवतायत. पुन्हा टाळ्या.

घरी आला तर गच्चीवरच्या खोलीला आतून कडी. धारा उरकून सृष्टी आत वाचत बसली होती.

"हितं काय करतीस गं?"

"अभ्यास. तू गेलास की घरात कोण बी येत न्हाय, दादा. सगळी तुझ्या मागं असत्यात. उद्या बी कार्यक्रम हाय न्हवं?" तिनं आशेनं विचारलं.

परीक्षा तोंडावर आली होती. ऋषिराजनं पुस्तक उघडलं, आणि फोन वाजला.

बारामतीच्या केंद्रावर पेपर सुरू झाला, तेव्हा त्याला एकेक प्रश्न नव्यानं भेटत होता. पर्यवेक्षक मात्र जवळ येऊन अदबीनं पुटपुटले, "सर, तुमचं भाषण ऐकलंय."

निकाल लागला. सृष्टी तलाठी झाली. दत्तोबांनी नुसती बादली आणून ऋषिराजपुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी विजयसिंहआबा शाल घेऊन हजर. "सृष्टीताई, खाली या!"

खिडकीचा पडदा जरासा हलला. "आबा, म्होरल्या परीक्षेचं वाचतीया. शाल दादाला घाला, त्याला सवय हाय."

आबा गोठ्याकडं वळले. शाल दिसताच ऋषिराज गाईजवळून उठला, मान आपोआप झुकली, घसा खाकरला गेला. "मित्रहो..."

"धार अर्धी राह्यलीया," दत्तोबा म्हणाले.

तो मुकाट खाली बसला. खिशात फोन वाजायला लागला. दोन्ही हात दुधानं भरलेले, मांडीत बादली, आणि गाय लाथेला टपलेली. फोन वाजून वाजून थांबला. ऋषिराजनं आयुष्यात पहिल्यांदा, इकडंतिकडं न बघता, हातातलं काम पुरं केलं.