डेल्बर्टची घरगाडी आणि मोटेलचं छप्पर

मोटेलात पाय ठेवणार नाही म्हणजे नाही, असं डेल्बर्ट क्राउसनं निघण्याआधी साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं. "दुसऱ्यानं घोरून सोडलेल्या उशीवर मी डोकं ठेवू? छे! आपण घरच बरोबर नेऊ!" आणि त्यानं खरोखरच चाकांवरचं घर आणलं. आत शेगडी, फ्रिज, पलंग, संडास, सगळं! पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला राजवाडा मिळाला होता.

त्याच्या बायकोला, लोरेटाला, राजवाड्याचं कौतुक नव्हतं. ओहायोहून माँटानाला मुलीकडे जायचं तर वाटेत मोटेलात उतरावं, भरपूर गरम पाण्यानं अंघोळ करावी आणि सकाळी अंथरूण तसंच टाकून निघावं, एवढंच तिचं म्हणणं. पण तिला विचारतो कोण!

साउथ डकोटा येईपर्यंत डेल्बर्टचं तोंड उतरलं होतं. आपण शेजाऱ्याचा बंगला हाकतोय असं त्याला वाटे. बाजूनं मालट्रक गेला की बंगला डुले, कपाटातली भांडी खणखणत आणि तो स्टिअरिंगला मिठी मारे.

"डेल्बर्ट, आभाळ हिरवं पडलंय."

"निळसर आहे ते."

"मला रंग शिकवू नकोस! रेडिओ काय म्हणतोय ऐक. टेनिसच्या चेंडूएवढ्या गारा! आसरा घ्या म्हणतोय!"

"मग बसलोय की आसऱ्यात!"

तेवढ्यात पहिली गार टपावर आदळली. कुणीतरी वरून हातोडा टाकावा तशी! दुसरीनं समोरच्या काचेवर कोळ्याचं जाळं काढलं. डेल्बर्टचा आवाज एकदम बारीक झाला.

"लोरेटा, कुठं जायचं गं?"

"ते बघ मोटेल! दारावर केवढं छप्पर आहे. घाल गाडी त्याच्याखाली!"

"उंची बसेल ना?"

"मला काय विचारतोस? शिडीवर चढून तू मोजलीस ना गाडी?"

मोजली होती. फक्त टपावरचा एसी मोजायचा राहिला होता.

कर्रर्रर्र!

गाडी अडकली. बाटलीत बूच बसावं तशी! गाडीचं एकुलतं एक दार नेमकं छपराच्या खांबाला टेकलं आणि चार बोटांपलीकडे उघडेना. मोटेलची मालकीण, टॉलिव्हरबाई, कपाळाला हात लावून धावत आली.

"अहो, माझं छप्पर! पुढं घ्या!"

"जात नाही!"

"मग मागं घ्या!"

"तेही जात नाही!"

"मग आत आलात कसे?"

"जोरात!" डेल्बर्ट रडवेल्या आवाजात म्हणाला.

वर काहीतरी कचकन वाजलं. डेल्बर्टनं ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले. आपण पाय काढला की सगळं छप्पर खाली येणार, अशी त्याची खात्री झाली होती. लोरेटानं पर्स काखेत मारली, त्याच्या मांडीवर गुडघा रोवला आणि त्याच्या बाजूच्या खिडकीतून ती पाय बाहेर काढू लागली.

"अगं, मला टाकून कुठं चाललीस?"

"आत. तू छप्पर सांभाळ!"

गारा थांबल्या, ऊन पडलं, बघे जमले. डेल्बर्ट आपला ब्रेक दाबून बसलेला! पोटऱ्यांत गोळे आले. छपराची भीती होतीच, पण दुसरीच एक भीती मोठी होत चालली. लोरेटा बस पकडून परत गेली तर? इतक्या वर्षांच्या संसारात ती कधी खिडकीतून गेली नव्हती.

अखेर अग्निशमनवाले आले. त्यांचा नायक म्हणाला, "आजोबा, पाय काढा. छपराला तुमच्या पायाचा काही आधार नाही." मग त्यांनी चाकांतली हवा सोडली. राजवाडा फुस्स करत खाली बसला आणि त्यांनी दोर लावून तो मागं ओढला. एसी मात्र गाडीच्या टपाला भोक पाडून छपरातच राहिला. छपराची अर्धी कड सुटून खाली लोंबू लागली.

"बायको कुठंय माझी?" डेल्बर्टनं घाबरत विचारलं.

टॉलिव्हरबाईनं बोटानंच कोपऱ्यातली खोली दाखवली. त्यानं दारावर हलकेच टकटक केली. लोरेटानं दार उघडलं. डोक्याला टॉवेल, गाल लालबुंद, अंगाला साबणाचा वास.

"सुटली गाडी?"

"सुटली."

"छप्पर गेलं का?"

डेल्बर्टनं मान खाली घातली. "गेलं."

"कुणाचं?"

"दोघांचं."

लोरेटा दाराची कडी धरून हसत सुटली. अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर! डेल्बर्टच्या छातीवरचा दगड उतरला. त्यालाही जरासं हसू फुटणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"आत ये आणि दार लाव. इथला एसी अजून जागेवर आहे."