मावशींचं रीतसर प्रतिनिधित्व

हे ऐकून कुणाचाही विश्वास बसणार नाही, आणि खऱ्या गोष्टीची खूण हीच.

एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासणाऱ्या एक मावशी होत्या. बावीस वर्षं एकाच मोरीपाशी. घरी सूनबाई शेजारणींना सांगायच्या, "सासूबाई हॉटेलात देखरेख करतात." मावशी आतून ऐकायच्या.

अशात एक दिग्दर्शक भटारखान्यात आला. खानपान उद्योगातल्या, कुणाला न दिसणाऱ्या माणसांवर त्याला चित्रपट काढायचा होता. त्या संध्याकाळी मावशी जेवता जेवता म्हणाल्या, "आता मोठ्या पडद्यावर बघ मला, मोरीसकट! मग शेजारणींना काय सांगशील?" सूनबाईंचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी, चित्रपटात सगळ्यांना जागा मिळतेय ना हे तपासणारी प्रतिनिधित्व समिती आली. सोबत त्रेचाळीस रकान्यांचा तक्ता. भांडी घासणारीच्या भूमिकेसाठी रीतसर चाचणी झाली. मावशींनी बघता बघता चाळीस ताटं लख्ख केली, वर आचाऱ्याची टोपीही उडवली. समितीने शेरा मारला : 'उमेदवार आनंदी आढळली. भूमिकेशी साधर्म्य नाही.'

भूमिका एका नटीला मिळाली. मावशी तिच्या सल्लागार झाल्या. पाण्याने नटीच्या हातांवर पुरळ उठलं, म्हणून मोरीचं पाणी तोडलं. पाण्यावाचून खरकटं हाताला चिकटणार, म्हणून ताटं धुतलेलीच ठेवली. धुतलेली ताटं कॅमेऱ्यात खरकटी दिसेनात, म्हणून त्यांच्यावर ब्रशने खरकटं रंगवायचं काम मावशींकडे आलं.

"अगं बाई," मावशी आचाऱ्याला म्हणाल्या, "बावीस वर्षं जे काढलं, तेच आता लावतेय."

"माझं बरंय," आचारी म्हणाला. "मला सांगितलंय, तुम्ही आचाऱ्यासारखे दिसत नाही, जरा लांब उभे राहा."

मग समितीने तक्ता पुन्हा वाचला. उंच, बुटके, डावखुरे, घोरणारे, भूकच न लागणारे, यांतलं कुणीच चित्रपटात नव्हतं. प्रत्येकाचा एकेक प्रतिनिधी आला. मग भाज्या तपासल्या, तर सगळीकडे कांद्याचंच बहुमत. दुधी भोपळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या अन्याय झाल्याचं आढळलं आणि त्याला दोन मिनिटांचं दृश्य मिळालं, एकट्याला. नऊ माणसांच्या भटारखान्यात एकशे बारा प्रतिनिधी जमले. उभं राहायला जागा उरेना, तेव्हा शेगड्या बाहेर काढल्या. तरी दाटी होईना कमी, तेव्हा खऱ्या नऊ जणांना मागच्या गल्लीत उभं केलं. कारण ते कुणाचेच प्रतिनिधी नव्हते, ते नुसते तेच होते. सगळ्या युनिटचं जेवण दुसऱ्या हॉटेलातून यायला लागलं.

शेवटच्या दिवशी मावशींनी पदर खोचला आणि समितीच्या अध्यक्षबाईंना गाठलं.

"ताई, मला एकदा तरी दिसू द्या. पाठमोरी चालेल. सुनेला शब्द दिलाय हो."

"मावशी, तुमचं प्रतिनिधित्व झालंय," अध्यक्षबाई मायेने म्हणाल्या. "आता तुम्ही स्वतःही दिसलात, तर ते दोनदा होईल. इतरांवर अन्याय नाही का?"

"मग मी कुठेच नाही?"

"असं कसं? शेवटी नावं येतात ना, त्यात तुमचं नाव आहे. एक हजार दोनशे सहावं."

चित्रपट लागला. मावशी सूनबाईंना घेऊन गेल्या. रंगवलेल्या खरकट्यावरून नटीने कोरडा हात फिरवला आणि सगळं थिएटर रडलं. दुधीच्या दृश्याला तर लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग चित्रपट संपला, नावं वर सरकायला लागली. मावशींनी सूनबाईंचा हात घट्ट धरला. थिएटरमधला एकही माणूस जागचा हलला नाही. सगळे नावं वाचत बसले, एक हजार दोनशे सहापर्यंत, आणि मावशींचं नाव येताच...

"ओ आजोबा, बस करा!" आजोबांची गोष्ट ऐकणाऱ्यांतल्या एक बाई ओरडल्या. "शेगड्या काढल्या, खरं. दुधीला टाळ्या, तेही खरं. पण शेवटची नावं वाचायला लोक थांबले? काहीही काय फेकताय! आम्ही कधी थांबलोय?"