टाकीच्या बातमीचा खुलासा

ज्याच्याविरुद्ध बातमी लिहिली, त्यालाच ती आधी वाचून दाखवणारा वार्ताहर पाहिलाय कधी? आमच्या सेनगावात होता. किसनकाका. देशभर खपणाऱ्या एका मोठ्या पेपराचे. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात बातमीची कॉपी काढायची, सायकलला टांग मारायची आणि थेट त्या माणसाच्या दारात. "बसा. तुमच्याविरुद्ध हाय. चुकलं असंल तर आत्ताच सांगा." एका सरपंचानं चपला फेकून मारल्या, तर काकांनी दोन्ही उचलून त्याच्या उंबऱ्याशी नीट लावल्या आणि राहिलेली बातमी वाचली.

तांड्यावर पाण्याची टाकी बांधून झाली, पण नळाला थेंब नाही, ही बातमीही त्यांनी ठेकेदाराला अशीच ऐकवली. छापूनही आली. ठेकेदार बडा आसामी, पेपराला वाढदिवसाच्या पानपानभर जाहिराती देणारा. मालक संपादकांना म्हणाले, बातमी चुकीची होती असा खुलासा छापा. संपादक नाही म्हणाले आणि आठवड्याभरात घरी बसले. काकांनी त्यांना कधी डोळ्यानं पाहिलं नव्हतं, तरी दोन दिवस हा माणूस धड जेवला नाही.

मग नव्या साहेबांचा फोन आला. खुलासा काकांनीच लिहायचा, स्वतःच्या नावानं. नळाला पाणी आहे, तांड्यावरच्या बायकांनी खोटं सांगितलं. नाहीतर ओळखपत्र परत करा.

"लिहून टाका की काका," मीच म्हणालो. "कोण लक्षात ठेवतंय!" आज सांगतानाही लाज वाटते.

त्यांनी लिहिलं. कॉपी काढली आणि सायकल वळवली.

"आता कुठं?"

"ज्यांच्याविरुद्ध हाय त्यांच्याकडं."

मला राहवेना, मीही मागं गेलो. टाकीखाली तांड्यावरची सोनाबाई डोक्यावरची भरली घागर उतरवून बसली होती. काकांनी खुलासा शेवटपर्यंत वाचला. तिनं शांतपणे ऐकला.

"मंग दादा, हे पाणी आमी दीड कोसावरून काहून आणून राहिलो?"

काकांनी कागद घडी करून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले. हातात नवा कागद आणि ओळखपत्र. "बस," म्हणाले, आणि राजीनामा वाचू लागले.

"काका, हे काही माझ्याविरुद्ध नाही."

"न्हाई रे, माझ्याच विरुद्ध हाय." ते स्टुलावर टेकले. "घरी वाचून पाह्यला. एकट्याला ऐकवंना."