पसरट पायांचं अक्षर

प्रल्हादभाऊ एकदा अकोल्याला जाताना मूर्तिजापूरलाच एसटीतून उतरले, कारण एका दुकानाच्या पाटीवरची अक्षरं त्यांना बघवली नाहीत. दुकानदाराला म्हणाले, "भाऊ, तुमचं अक्षर उपाशी हाये. त्याले पाय द्या." तो भला माणूस. त्याने यांना पाणी पाजलं आणि पुढच्या गाडीत बसवून दिलं.

अमरावतीच्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानात मी कॉम्प्युटरवर बसतो आणि प्रल्हादभाऊ माझ्या मागे उभे राहतात. उभा जन्म त्यांनी हाताने पाट्या रंगवल्या. ते एकच वळण मानतात: जाडजूड, प्रत्येक काना मध्ये जरा बारीक आणि खाली-वर पसरत गेलेला, डमरूसारखा. त्यांचं म्हणणं, लांबून बघताना आधी टोकं दिसेनाशी होतात. ती पसरून ठेवली की अक्षर रस्त्यापलीकडूनही ओळखू येतं. शंभर टक्के खरं आहे. त्यांच्या पाट्यांवरून मी ती सगळी वर्णमाला कॉम्प्युटरवर उतरवली आणि आज आमचं निम्मं गिऱ्हाईक त्या अक्षरासाठी येतं.

पण ते कोणाला द्यायचं, हे प्रल्हादभाऊ ठरवणार. ट्रॅक्टर दुरुस्तीला, खानावळीला, बैलांच्या शर्यतीला म्हणजे शंकरपटाला बिनदिक्कत. दातांच्या दवाखान्याला नाही, पेशंट पाटी वाचूनच पळेल म्हणून. लग्नपत्रिकेला नाही, ती पोलिसांच्या समन्ससारखी दिसते. एका होतकरू नेत्याने वाढदिवसासाठी मागितलं, तर त्याला तोंडावर सांगितलं, "आंधी माणूस तं जाड होऊ दे." मालकाने कपाळाला हात लावला.

गेल्या वर्षी शांतावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वहिनींनी वरणात मिठाऐवजी साखर घातली, तेव्हा पुण्याच्या मुलाने स्वयंपाकाला बाई लावायची ठरवली. वहिनींनी बजावलं, "माह्या ओट्यापाशी दुसरी बाई आली, तं मी जेवणार नाई." आणि खरंच दोन दिवस जेवल्या नाहीत. बाई परत गेली. पण पुढे कसं, हे कोणालाच सुचेना.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. प्रल्हादभाऊ अंगणात स्टीलच्या डब्यांची झाकणं मांडून बसले होते. मीठ, हळद, तिखट, साखर. ऑइलपेंटमध्ये, त्यांच्या खास वळणात, फाटकातूनही वाचता येईल एवढं ठसठशीत. तरी ते त्याच अक्षरांवरून पुन्हा ब्रश फिरवत होते.

मी म्हटलं, भाऊ, दिसतंय की आता, पुरे.

त्यांनी एक वाळलेलं झाकण उचललं आणि माझं बोट साखरेतल्या 'सा'च्या कान्यावर ठेवलं. रंगावर रंग चढून अक्षर चांगलं वर आलं होतं. बोट खाली सरकलं आणि शेवटी ती पसरलेली कड हाताला लागली.

"इथं बोटाले समजते, अक्षर सरलं," ते म्हणाले. "तिले दिसून राह्यलं तोवर रोज एक हात मारतो. मंग लागंन."

इतकी वर्षं मी या माणसाला नुसता हट्टी समजत होतो.

तेवढ्यात वहिनी हाताने भिंत चाचपत दारात आल्या. म्हणाल्या, "डोये मिटून पाह्यलं. हयद समजली. मिठाले आणखी दोन हात द्या."