पास नसलेली काळी गाडी

सकाळी दहा वाजता तोंडाला फडकं बांधलेले दोन जण व्हर्ना टिडवेलच्या खिडकीसमोर उभे राहिले. त्यातल्या उंच माणसानं विचारलं, "यारेली सांतोस आत्ता कुठल्या वर्गात आहे?"

कॉलेजच्या नोंदणीच्या खिडकीवर व्हर्नाची बावीस वर्षं गेली होती. यारेली कुठं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. याच मजल्यावर, सहा दारं सोडून, नर्सिंगचा शेवटचा पेपर लिहीत होती ती. पेपर साडेअकराला सुटणार होता.

"तुम्ही कोण?"

"इमिग्रेशन खातं. तिला न्यायला आलोय."

"नाव?"

"नाव नाही सांगत आम्ही."

त्यानं एक कागद आत सरकवला. व्हर्नानं चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी पाहिला. न्यायाधीशाची सही कुठंच नव्हती. यांच्याच साहेबानं यांनाच लिहून दिलेला कागद. नाव लपवणारी माणसं एका पोरीचं नाव मात्र मोठ्यानं घेत होती. व्हर्नाचं डोकं सणकलं.

अशा वेळी काय करायचं हे ठरवायला कॉलेजनं समिती नेमली होती. समिती अकरा महिने बसली, डोनट खाल्ले, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात प्लास्टिक चढवलेलं एक कार्ड दिलं. न्यायाधीशाची सही बघा, ती नसेल तर माहिती देऊ नका, या नंबरवर फोन करा. व्हर्नानं नंबर लावला. तिच्याच टेबलावरचा दुसरा फोन वाजायला लागला.

समितीच्या सचिवबाई मार्चमध्येच निवृत्त झाल्या होत्या. जाताना त्या आपला फोन नोंदणीकडे वळवून गेल्या होत्या.

"उचला की," उंच माणूस म्हणाला.

"कशाला? मीच आहे."

एवढ्यात कॉफीचा कप घेऊन डीन ग्रेडी आले. दारात आलेल्याला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"अगं, पाहुण्यांना ताटकळत काय ठेवलंयस? वेळापत्रकच मागतायत ना? दे छापून, विषय संपव."

"यावर न्यायाधीशाची सही नाही, डीन."

"उगाच किती ताणतेस?"

"मी नाही, तुम्हीच ताणलंय. अकरा महिने. या कार्डावर सही तुमचीच आहे."

डीननी कार्ड हातात घेतलं आणि बहुधा पहिल्यांदाच वाचलं. तरी ते कॉम्प्युटरकडे वळलेच. व्हर्नानं कीबोर्ड उचलून मांडीवर ठेवला आणि वर पर्स ठेवली.

तेवढ्यात पार्किंगवाला लोनी आत आला. त्याच्या नावानं अख्खं कॉलेज बोटं मोडायचं. व्हर्नाच्या नवऱ्याला पुरलं त्या दिवशीही तो तिच्या गाडीवर दंडाची चिठ्ठी लावून गेला होता.

"काळी गाडी कुणाची? पास नाही. चाकाला कुलूप घातलंय."

"सरकारी गाडी आहे ती," उंच माणूस गुरकावला.

"कुठं लिहिलंय तसं?"

तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. कुणाला कळू नये म्हणूनच तर बिनखुणेची गाडी आणली होती.

"काढ ते कुलूप."

"काढतो ना. फॉर्मवर नाव लिहा, फोटोचं ओळखपत्र दाखवा आणि फडकं खाली करा. चेहरा जुळवावा लागतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. फडकं कुणीच खाली केलं नाही.

"तुझा साहेब कुठं बसतो?"

"मैदानाच्या पलीकडे. चालत वीस मिनिटं. बारापर्यंत मीटिंगमध्ये असतो."

ते तणतणत निघून गेले.

"बघ, मिटलं की नाही गोडीगुलाबीनं?" असं म्हणून डीनही कप घेऊन सटकले. व्हर्नानं कीबोर्ड दाणकन टेबलावर आदळला.

साडेअकराला यारेली खिडकीशी आली. हातातलं पेन तिनं अजून घट्ट धरलं होतं.

"मिस व्हर्ना, ते आलेले वर्गात कळलं. शेवटचे दोन प्रश्न दाराकडे बघतच लिहिले. उद्या प्रॅक्टिकल आहे. उद्या परत आले तर?"

व्हर्नाला धीराचं काहीतरी बोलायचं होतं. खोटं बोलवेना. ज्या पोरीनं माणसाची नाडी बघायला शिकायचं, तिनं दार बघत बसायचं.

"बारापर्यंत ते मैदानापलीकडे अडकलेत. तोवर बसनं घरी जा. उद्या मी सातलाच येते. मला भेटल्याशिवाय वर्गात जाऊ नकोस."

लोनी अजून दारातच घुटमळत होता. "उद्या आले तर पाहुण्यांचा पास घ्यावा लागेल त्यांना," तो म्हणाला. "नाव, ओळखपत्र, उघडा चेहरा. त्याशिवाय मी गाडी आत घेत नाही."

"आणि तो पास मिळतो कुठं?" यारेलीनं विचारलं.

समितीचं कार्ड व्हर्नानं कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

"माझ्या खिडकीवर," ती म्हणाली. "रांगेत उभं राहून."