बिननावाच्या गोधड्या

"शाली आत कशाला घालता? वरून लावा," एवढंच मी म्हणालो होतो. माणूस घरात याहून मोठमोठी वाक्यं बोलतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. नेमकं हेच ऐकलं गेलं.

झालं असं. नांदेडच्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या वॉर्डात सुकन्येची (म्हणजे माझ्या बायकोची) शाळेतली मैत्रीण पंचशीला सिस्टर आहे. ती फोनवर बोलता बोलता म्हणाली, की इथली ब्लँकेटं इतकी टोचतात की पोरं आजारानं कमी आणि ब्लँकेटनं जास्त रडतात. झालं! आमच्या लातूरच्या घरात गोधड्यांचा कारखानाच निघाला. औश्याहून माझ्या सासूबाई, साखराबाई, सुयांचा डबा घेऊन दाखल झाल्या. गल्लीतल्या बायका दुपारी आमच्या हॉलमध्ये मांड्या घालून टाके घालायच्या आणि मी माझ्याच घरात स्वयंपाकघरातून पाठीमागच्या दारानं ये-जा करायचो.

कापड कमी पडलं तेव्हा माझी ट्रंक उघडली गेली.

माझी ट्रंक म्हणजे सत्काराच्या शालींची. पस्तीस वर्षं बातमीदारी केली, ती भांडूनच केली. त्यामुळे ज्यांच्याशी भांडलो त्यांनी दुसऱ्या दिवशी माझे सत्कार केले. आपल्याकडे सत्काराच्या शालीची एक रीत आहे. ती खांद्यावर पडते, फोटो निघतो, तिची घडी होते आणि ती पिशवीत जाते. सत्काराची शाल उलगडून बघणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचाय. मीही कधी बघितली नव्हती.

सासूबाईंचा बेत होता, की शाली आत घालायच्या, वरून-खालून मऊ जुनी लुगडी आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या ठिगळाचं एकेक फूल.

"कोपरा झाकल्याबिगर वाकळ उघडी दिसती, जावईबापू," त्या म्हणाल्या. औश्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात.

"ठिगळं नकोत," मी म्हणालो. "लोक म्हणतील, गरिबांना गरिबासारखं दिलं. रंगीत शाली वर येऊ द्या. पोरं खूश होतील."

सुकन्या एक शाल पसरून बघत होती. "अहो, यावर जरीत काहीतरी विणलंय. जरा बघून घ्या."

"नक्षी असते ती," मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो.

"ही नक्षी वाचता येतीय."

"सुकन्या, मी कधी तुझ्या भाजीत मीठ किती ते सांगतो का?" (सांगतो. रोज सांगतो.) ती गप्प बसली. बायको अशी चटकन गप्प बसली की शहाण्या माणसानं हातातला पेपर ठेवून उठावं. मी पान उलटलं.

आता माझी एक मोहीम तुम्हाला सांगितली पाहिजे. पुढाऱ्यांनी सार्वजनिक वस्तूंवर नावं टाकायची नाहीत, यासाठी मी वर्षानुवर्षं लेखणी झिजवली आहे. पाण्याचा टँकर झाला, बसथांबा झाला, मुतारी झाली; एका गावात तर स्मशानातल्या बाकड्यावर ‘आपले हार्दिक स्वागत’ असं लिहून खाली सहकारसम्राट ईश्वरप्पांचा हसरा फोटो होता. त्यावर मी असा काही लेख लिहिला, की बाकडं रातोरात उचललं गेलं (लोक आता उभ्यानं रडतात, पण तत्त्व ते तत्त्व).

तेव्हा गोधड्या तयार झाल्यावर मी गप्प राहणं शक्यच नव्हतं. नांदेडच्या झाडून सगळ्या पत्रकारांना मी फोन केले. "या आणि बघा! ज्यावर कुणाचंही नाव नाही, असं या भागातलं पहिलं दान!" मुनीब नावाचा एक तरुण बातमीदार आहे. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, हा माझ्या काढतो. त्याला मी दोनदा फोन केला.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही वॉर्डात पोचलो. बाहेर बोचरी थंडी होती. पोरांनी गोधड्यांवर झडपच घातली. कुणी डोक्यावरून घेतली, कुणी गालाला लावून बघितली. पत्रकार यायला अजून अवकाश होता. मी दोन्ही हात मागे बांधून, दानशूर माणसानं उभं राहावं तसा खिडकीपाशी उभा राहिलो.

एवढ्यात पायाला प्लॅस्टर घातलेली एक मुलगी गोधडीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. नाव नाझनीन. तिसरीतली.

"स-ह-का-र... काका, सहकारसम्राट म्हंजे काय?"

मी धावलो. जांभळ्या शालीच्या कोपऱ्यात जरीची ठसठशीत अक्षरं होती : ‘सहकारसम्राट ईश्वरप्पा यांच्या एकसष्टीनिमित्त सप्रेम.’ शेजारच्या खाटेवर तेच. पलीकडे तेच. एकसष्टीच्या उरलेल्या शालीच ते दर सत्काराला मला घालत आले होते. जिकडे बघावं तिकडे आजारी पोरं ईश्वरप्पांची एकसष्टी पांघरून पडलेली!

"सुकन्या! हे तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही नक्षी म्हणालात."

"उलट्या करा! सगळ्या गोधड्या उलट्या करा!"

केल्या. पण शाल मोठी आणि गोधडी लहान, म्हणून सासूबाईंनी काठ वळवून खाली घेतले होते. खालच्या बाजूला ‘शुभेच्छुक : मित्रमंडळ’ आलं.

"काढून घ्या मग," मी म्हणालो.

"मला न्हाई द्यायची," असं म्हणून नाझनीननं गोधडी छातीशी घट्ट धरली. बाकीच्यांनी तिचं बघून धरली. पंचशीला सिस्टर मध्ये आली. "दिलेलं पांघरूण लेकरांच्या अंगावरून वढताव? वढा बरं! मी बी बघते."

पत्रकार कुठल्याही क्षणी येणार होते. पस्तीस वर्षांची अब्रू त्या जरीच्या धाग्याला लोंबकळत होती. अशा वेळी सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडली आणि शांतपणे सुईत दोरा ओवला.

"सुलट्या करा परत. कोपऱ्याला फुलं लावते. अक्षरं झाकतील. कापड द्या."

कापड कुठलं! ठिगळं मीच घरी ठेवायला लावली होती. मी खाटेवरच्या चादरीकडे बघितलं. "सरकारी चादरीला कात्री लागली तर पगार माझा कापत्याल," सिस्टर म्हणाली. मी सुकन्येच्या पदराकडे बघितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच छताकडे बघितलं.

सासूबाईंनी माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून चोळली. "खादी हाय. धुऊन धुऊन लई मऊ झालंय बघा."

"सासूबाई, हा अंगावरचा आहे!"

"मग काढा की."

काढला. पाच मिनिटांत माझ्या सदऱ्याची फुलं झाली. सासूबाई टाके घालतात की मशीन चालवतात, कळत नाही. खिशाचं फूल एका लहानग्याला मिळालं, त्यात त्यानं लगेच बिस्किट ठेवलं. एकेक ईश्वरप्पा झाकला जात होता आणि मी बनियनवर, छाती काढून, खाटा तपासत फिरत होतो. थंडी वाजत होती, पण तत्त्वाची ऊब असते माणसाला.

शेवटची राहिली नाझनीनची गोधडी. तिच्या एका कोपऱ्यात दुसरी शाल जोडलेली होती, हिरवी. बाकीची अक्षरं झाकून झाल्यावर नाझनीन त्या कोपऱ्यावर बोट ठेवून पुन्हा वाचायला लागली.

"प-त्र-का-र संघातर्फे... ईश्वरप्पा यांचा हृद्य सत्कार... अध्यक्ष, आ-दि-ना-थ भा-तां-ग-ळी-क-र."

भातांगळीकर म्हणजे मी. मीच ती शाल ईश्वरप्पांना घातली होती. त्यांनीही ती उलगडून बघितली नाही. पुढं कधीतरी माझाच सत्कार करताना त्यांनी ती मला परत घातली. मीही बघितली नाही. आणि जरीत नाव घालायला कुणी सांगितलं होतं म्हणाल, तर... अध्यक्ष मीच होतो.

"हे पण झाकायचं ना?" सुकन्येनं विचारलं. आवाज इतका गोड मी लग्नानंतर ऐकला नव्हता.

मी अक्षरांकडे बघितलं. जरीचा धागा अजून चकाकत होता. कोपऱ्यात मावेल इतकं, नीटनेटकं, कुणाला न दुखावणारं नाव.

"राहू द्या आता," मी खाकरून म्हणालो. "केवढंसं नाव आहे! आणि तसंही सदरा संपला."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "जावईबापू, बनियन बी मऊच दिसतंय की."

मुनीब कॅमेरा घेऊन आत शिरला तेव्हा शेवटचा टाका पडत होता. वॉर्डभर एक अक्षर दिसत नव्हतं. वॉर्डाच्या मधोमध मी होतो.

"सर," तो म्हणाला, "कपडे?"

"दान केले," मी गरजलो. "सगळं दान केलं!"

त्यानं मान डोलावून फोटो काढला. माझी ती अवस्था बघून रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांना गहिवरून आलं. त्यांनी कपाटातून घाईघाईनं एक शाल काढली आणि माझा सत्कार केला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच मी सत्काराची शाल तिथल्या तिथे उलगडली आणि गळ्यापर्यंत ओढून घेतली. वाचायचं कुणाला भान होतं?

परतीच्या एस.टी.त सुकन्या आणि सासूबाई बायकांच्या सीटवर माझ्याशी ओळख नसल्यासारख्या बसल्या. लोह्याच्या पुढं कंडक्टर तिकिटं तपासत आला. माझ्या पाठीकडं जरा वेळ बघत उभा राहिला. मग शेजारच्या प्रवाशाला म्हणाला,

"ईश्वरप्पा सायबाचा कार्यकर्ता दिसतोय. बघा की, सायबाचं नाव पाठीवर हाय, पण अंगात बनियन बी ठेवलं न्हाई गरिबाच्या!"