लिंडनरबाईंची मडकी

चिंतामणीला जर्मन येत होतं. आणि गिरगावात आपल्याइतकं ते कुणालाच येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं! मॅट्रिकच्या वर्गातली बाकीची पोरं निमूटपणे संस्कृतची रूपं घोकत असताना या पठ्ठ्यानं जर्मन घेतलं होतं. तेही साधंसुधं नव्हे, अगदी वरच्या पातळीचं. जर्मन लोक जेवायला बसताना काय म्हणतात, सणाला काय करतात, लग्नं कशी लावतात, सगळं त्याला पाठ!

"भाषा म्हणजे काय नुसते शब्द असतात, आई?" तो म्हणायचा. "भाषा म्हणजे संस्कृती! तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतंय की दळण आणायचं राहिलंय," आई म्हणायची.

त्याला शिकवायला होत्या लिंडनरबाई. पांढरे केस, ताठ कणा, आणि जगात एकट्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनी सोडून मुंबईला आल्या त्या इथल्याच झाल्या. वर्गात त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. हसल्या त्या एकदाच, चिंतामणीचा निबंध वाचून.

निबंधाचा विषय होता जर्मन लग्नाच्या चालीरीती. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे नवरीच्या दारात मातीची भांडी आपटून फोडतात, म्हणजे संसार सुखाचा होतो. त्याला म्हणतात पोल्टरआबेंड. इथवर ठीक होतं. पण बाई खूश व्हाव्यात म्हणून चिंतामणीनं शेवटी पदरचं एक वाक्य ठोकून दिलं, 'आमच्या महाराष्ट्रातही शुभप्रसंगी मडकी फोडतात.' त्याच्या मनात होती गोकुळाष्टमी. पण दहीहंडीला जर्मन शब्द सुचेना, म्हणून नुसतं शुभप्रसंगी! बाई हसल्या, डोळे पुसले आणि त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. भारावलेल्या चिंतामणीनं तिथल्या तिथे त्यांना आपल्या बहिणीच्या, नलूताईच्या लग्नाचं बोलावणं दिलं.

नलूताईच्या लग्नापायी सगळ्या घराचा जीव टांगणीला लागला होता. किती स्थळं आली आणि पोहे खाऊन गेली! वडिलांच्या, अप्पांच्या वहाणा झिजल्या. शेवटी दादरच्या रघुवीरशी जमलं. मुलगा सोन्यासारखा, पण त्याची आई राधाबाई शकुनाच्या बाबतीत भलतीच कडक. याआधी एका मुलीच्या घरी मांजर आडवं गेलं, तर या जिन्यातूनच परत फिरल्या होत्या! म्हणून अप्पांनी घरात तंबी दिली होती, "अक्षता पडेपर्यंत कुणी शिंकायचंसुद्धा नाही!"

लग्नाची आदली संध्याकाळ उजाडली म्हणायची की मावळली, देव जाणे. चाळीच्या चौकात मांडव घातला होता, सनई वाजत होती. दादरची मंडळी येऊन बसली होती. राधाबाई शालू सावरत होत्या, त्यांचे यजमान शांतपणे पान चघळत होते. तेवढ्यात लिंडनरबाई आल्या. मागे हमाल, त्याच्या डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी.

"अप्पा, या माझ्या बाई!" चिंतामणी पुढे धावला. "बघा, आहेर घेऊन आल्यात!"

बाई देवळात शिरावं तशा गंभीरपणे थेट नलूताईच्या उंबऱ्यापाशी गेल्या. फडकं निघालं. आत कुंभारवाड्यातली कोरी करकरीत मडकी! चिंतामणीचं वरच्या पातळीचं जर्मन कुठच्या कुठे पळालं, 'नाही' म्हणायचा एकच शब्द उरला.

"नाइन! बाई, नाइन!"

सनईच्या आवाजात त्याचं ऐकतंय कोण? बाईंनी पहिलं मडकं उचललं आणि फाडकन उंबऱ्यावर आपटलं!

"शेर्बेन ब्रिंगेन ग्ल्यूक!" त्या आनंदानं ओरडल्या. म्हणजे, खापऱ्या भाग्य आणतात. दुसरं मडकं. तिसरं!

आता मंडळी, दहीहंडी सोडली तर आपल्याकडे मडकं कधी फुटतं हे काय सांगायला हवं? घरातून माणूस जातं तेव्हा! त्यात ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. काही फुटल्याचा आवाज आला की लोक कारण विचारत नसत, आधी दुकान बंद करत. रस्त्यावर कुणीतरी ओरडलं, "दगडफेक!" धडाधड दुकानांच्या फळ्या लागल्या. सनईवाल्यांनी सनया काखोटीला मारल्या आणि पोबारा केला. लग्नघर एकदम चिडीचूप झालं.

त्या शांततेत तळमजल्यावरचे तात्या खांद्यावर पंचा टाकून बाहेर आले. चाळीतल्या कुठल्याही मयताची सगळी व्यवस्था तात्यांकडे असायची.

"कोण गेलं, अप्पा?"

"कुणी नाही हो, तात्या!"

"बरं बरं, नको सांगूस. धीर धर. बांबू आणायला माणूस पाठवलाय मी."

राधाबाई ताडकन उठल्या. "उठा हो! अक्षता पडायच्या आधी ज्या दारात मडकं फुटलं, त्या घरची मुलगी मला नको!"

अप्पांनी टोपी काढून हातात घेतली. नलूताई चुडा भरलेल्या हातांनी दाराची चौकट धरून उभी होती. ती रडली नाही, आणि तेच बघवत नव्हतं.

"काकू, चूक माझी आहे," चिंतामणी कसाबसा म्हणाला. "बाईंना मीच खोटं लिहून दिलं. त्यांच्याकडे हा चांगला शकुन असतो हो!"

"त्यांच्याकडे असेल!" म्हणत राधाबाई फाटकाकडे निघाल्या.

चेहरे वाचायला भाषा लागत नाही. काहीतरी भयंकर घडलंय हे बाईंना कळलं. त्या तिथेच गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी खापऱ्या गोळा करू लागल्या. "माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात फोडली होती," त्या चिंतामणीला जर्मनमध्ये म्हणाल्या. "त्यानंतर फोडायला कुणाचं दारच उरलं नाही." चिंतामणीला शब्द न् शब्द समजला. आपल्याला जर्मन येतं याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

"सोडा, बाई, हात कापेल." रघुवीर कधी उठून आला कुणाला कळलंच नाही. त्यानं कोपऱ्यातली केरसुणी घेतली. नलूताईनं सुपली आणली. तो झाडत होता, ती भरत होती. तो हळूच काहीतरी बोलला आणि नलूताई, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हसली.

"रघू! मी निघाले म्हणतेय ना!" फाटकातून राधाबाई कडाडल्या.

"आलो, आई. लग्न मोडलं तरी खापऱ्या कुणाच्या पायात जायला नकोत."

लिंडनरबाई मात्र त्या दोघांकडे बघून छातीवर हात ठेवून रडत होत्या आणि भराभर बोलत होत्या. राधाबाई चार पावलं परत आल्या. "काय म्हणतायत त्या?"

चिंतामणी मराठीत सांगू लागला. "म्हणतायत की... रीत आत्ता पुरी झाली. फुटलेलं सगळं नवरानवरीनं मिळून झाडायचं असतं. मग संसारात पुढे काहीही फुटलं तरी दोघं मिळून आवरतात."

"मिळून? म्हणजे केर नवऱ्यानंसुद्धा काढायचा?"

"हो, काकू. तशीच रीत आहे."

राधाबाई कितीतरी वेळ मुलाच्या हातातल्या केरसुणीकडे बघत राहिल्या. मग त्या मुकाट्यानं परत येऊन आपल्या पाटावर बसल्या, आणि पान चघळणाऱ्या यजमानांकडे वळून म्हणाल्या,

"काय हो, आपल्या लग्नात कुणीच कसं फोडलं नाही मडकं?"